आठ सतराची फास्ट आणि आठ लेटमार्क

डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागात, चौथ्या मजल्यावरचं घर. नोकरी मुंबईत फोर्टमधल्या सरकारी कार्यालयात, पद वरिष्ठ लिपिक, वय चाळिशीच्या आसपास. घरात नवरा, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ झाली ९.४५ ते ६.१५. हजेरीच्या मशीनवर अंगठा ९.४५ च्या आत लागला नाही की लेटमार्क, आणि या कार्यालयात तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापली जाते. एका महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत या बाईंचे आठ लेटमार्क झाले. म्हणजे दोन रजा गेल्याच, तिसरीही उंबरठ्यावर आली. वर्षाला मिळतात आठ.

हे घर नमुन्यादाखल रचलेलं आहे. गाड्यांच्या वेळाही नमुन्याच्या आहेत, त्या वेळापत्रकात शोधू नयेत. पण सकाळी डोंबिवलीहून फास्ट पकडणाऱ्या कुणालाही यातला हिशोब अनोळखी वाटणार नाही.

घरातलं निदान ठरलेलं होतं. सासूबाईंच्या मते झोप जास्त, नवऱ्याच्या मते रेल्वे बेभरवशाची, आणि त्यांच्या स्वतःच्या मते "सकाळी हात कमी पडतात". तिघांचंही थोडं थोडं खरं होतं. पण प्रत्येकाने आपापल्या निदानाप्रमाणे उपाय केला आणि एकाही उपायाने एकही लेटमार्क कमी झाला नाही.

आधी केलेले उपाय

पहिला उपाय सर्वांच्या परिचयाचा: स्वयंपाकघरातलं घड्याळ १२ मिनिटं पुढे. पहिले तीन-चार दिवस धस्स होतं, मग डोकं आपोआप वजाबाकी करायला लागतं. खोटं घड्याळ लावणारा माणूस आणि फसायचा माणूस एकच असल्यामुळे ही युक्ती टिकत नाही. इथे तर उलटा तोटा झाला. फोनवर खरी वेळ, भिंतीवर १२ पुढची, नवऱ्याच्या मनगटावर पाच पुढची. "अगं, किती वाजले?" या प्रश्नाला घरात तीन उत्तरं होती, आणि घाईत असलेला माणूस त्यांतलं सोयीचं उत्तर उचलतो.

दुसरा उपाय ५.३० च्या ऐवजी ५.०० चा अलार्म. उठणं जमलं, पण घराबाहेर पडायची वेळ जागची हलली नाही. वाढलेला अर्धा तास स्वयंपाकघराने खाल्ला: भाजीबरोबर कोशिंबीर आली, ओटा दोनदा पुसला गेला, चहा बसून प्यायला मिळाला. यात वाईट काही नाही, पण रात्रीची झोप अर्ध्या तासाने कमी झाली आणि दुसऱ्या आठवड्यापासून स्नूझ सुरू झालं. दिवसाच्या सुरुवातीला घातलेली मोकळी मिनिटं शेवटपर्यंत उरत नाहीत. वाटेत येणारं प्रत्येक काम त्यांतली दोन-तीन उचलतं.

तिसरा उपाय धावणं. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या, सुटायच्या बेतात असलेल्या गाडीचा दांडा धरणं. ही युक्ती नव्हेच. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून दारातले प्रवासी पडले आणि काही जणांचा जीव गेला, तो याच मार्गावर. जी गाडी चुकू द्यायची नसते ती दारात लटकून पकडली जाते. म्हणून सकाळच्या आखणीत 'ही गाडी चुकली तरी चालेल' अशी एक गाडी असायलाच हवी. ती कशी आणायची, ते पुढे.

मोजणी

उपाय थांबवून आधी पाच दिवस नुसतं मोजायचं ठरलं. वहीत लिहायला सकाळी वेळ नसतो, म्हणून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच एक टिंब पाठवायचं. वेळ आपोआप नोंदली जाते. सहा ठिकाणी सहा टिंबं: अलार्म बंद केला, मुलगी रिक्षात बसली, पर्स खांद्याला लावली, दार ओढलं, शेअर रिक्षात बसलं, फलाटावर पाय ठेवला. टिंब पाठवायला चार सेकंद लागतात. यापेक्षा जास्त तपशील नोंदवायला गेलं तर तिसऱ्या दिवशी नोंदच बंद पडते.

मोजण्याआधी त्यांनी स्वतःचा अंदाज कागदावर लिहून ठेवला होता, आणि ते फार उपयोगी पडलं. अंदाज असा: पर्स खांद्याला लावली की "लगेच" निघते. प्रत्यक्षात पर्स खांद्याला लागल्यापासून दार ओढेपर्यंत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ११ मिनिटं गेली होती. पाचही दिवस.

त्या नऊ-एक मिनिटांत काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पाण्याची बाटली भरायची राहिली, फिल्टरची धार बारीक, एक लिटरला दीड मिनिट. डब्याचं झाकण लावायचं राहिलं, कारण भाजी गरम होती. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला. आयकार्ड कालच्या ड्रेसच्या खिशात. "आई, बारा वाजताची गोळी जेवणानंतर हं." ओल्या कचऱ्याची पिशवी. देवाला नमस्कार. चपला घातल्यावर गॅसचा नॉब आठवतो, चपला काढून आत. छत्री. आणि दारातून सासूबाईंचा आवाज: "अगं, किल्ली घेतलीस का?" यातलं एकही काम दोन मिनिटांचं नाही, म्हणून एकाचीही गिनती कुणी करत नाही. तयारीचा हिशोब लोक आंघोळ, डबा, कपडे या मोठ्या कामांचा मांडतात. ही शेपटी कुठल्याच यादीत नसते.

अंदाज असा का चुकतो, यावर बराच अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधलं. १९९४ च्या एका प्रयोगात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. माणूस अंदाज बांधताना मागच्या वेळी काय झालं ते बघत नाही, सगळं सुरळीत गेलं तर काय होईल याचं चित्र रंगवतो. डोंबिवलीतलं 'लगेच' त्याच जातीचं. त्यावर उतारा एकच: अंदाज विचारू नये, टिंबं मोजावीत.

एका मिनिटाची चौदा कशी होतात

आता रेल्वेचा हिशोब. फास्ट लोकलला डोंबिवली ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या नमुन्यात ६८ मिनिटं धरली आहेत. उतरल्यावर फलाटावरून बाहेर पडायला ३, कार्यालयापर्यंत चालत ९, अंगठ्याच्या मशीनपुढच्या रांगेत ३, मिळून १५.

८.०६ ची गाडी पकडली तर ९.१४ ला सीएसएमटी, ९.२९ ला अंगठा. १६ मिनिटं हातात.
८.१७ ची पकडली तर ९.२५, आणि ९.४० ला अंगठा. हातात ५.
८.३१ ची पकडली तर ९.३९, अंगठा ९.५४ ला. ९ मिनिटं उशीर.

त्यांची 'आपली गाडी' होती ८.१७. अनेक वर्षांची सवय, ओळखीच्या मैत्रिणी, ठरलेला डबा. गाडी वेळेवर असेल आणि त्या वेळेवर असतील तर ती बरोबर पाच मिनिटं राखून पोचवते. पण मधल्या आणि शेवटच्या गाडीत १४ मिनिटांचं अंतर आहे. फलाटावर एक मिनिट उशिरा पोचलं तर कार्यालयात उशीर एका मिनिटाचा होत नाही, चौदा मिनिटांचा होतो. रस्त्याने गाडी चालवत जाणाऱ्याला तीन मिनिटांचा उशीर साधारण तीनच मिनिटांना पडतो. लोकलवाल्याचा उशीर पायरीपायरीने वाढतो. हे लक्षात न घेता 'पाच मिनिटं लवकर निघत जा' असा सल्ला देणारे बहुतेक मोटारवाले असतात.

त्या आठ लेटमार्कांची फोड केली तेव्हा हेच दिसलं. पाच दिवस ८.१७ एक ते चार मिनिटांनी चुकली आणि ८.३१ पकडावी लागली. एक दिवस ८.१७ मिळाली, पण ती आठ मिनिटं उशिरा पोचली. एक दिवस सिग्नल बिघडून गाडी २५ मिनिटं खोळंबली. एक दिवस मुलीला ताप होता, घर सोडायलाच आठ वाजून गेले. नवऱ्याचं 'रेल्वे बेभरवशाची' हे निदान आठांतल्या दोन दिवसांना लागू पडलं. 'झोप जास्त' हे एकाही दिवसाला नाही, पाचही मोजलेल्या दिवशी त्या वेळेवरच उठल्या होत्या.

गाडी पाच-आठ मिनिटं उशिरा पोचणं मात्र अपवादात धरू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि त्या टप्प्यात मेल-एक्स्प्रेसना वेगळी वाट मिळाली. पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत ही सोय पूर्ण झालेली नाही, तिथे लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फास्ट लोकल एकाच रुळांवर येतात. शिवाय सीएसएमटी हे शेवटचं स्थानक, आतला फलाट रिकामा झाल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही. मस्जिद स्थानक सोडल्यावर गाडी उभी राहते ती त्यासाठी. म्हणून वेळापत्रकातल्या वेळेत पाच मिनिटं घालून हिशोब करणं हेच खरं वेळापत्रक. तसा केला तर ८.१७ रोज ९.४५ च्या काठावर येते, म्हणजे ती मुळात चुकीची गाडी होती.

नवी आखणी

ठरलं असं की आपली गाडी ८.०६, आणि ८.१७ ही राखीव. आता दार किती वाजता ओढायचं?

दारापासून फलाटापर्यंतचे टप्पे: लिफ्ट आणि फाटक ३ मिनिटं, शेअर रिक्षाच्या रांगेत ० ते ९, रिक्षातला प्रवास १० ते १२, स्टेशनला उतरून पुलावरून फलाटावर ५. एकूण कमीत कमी १८, जास्तीत जास्त २९. यात सगळा खेळ रांगेचा आहे. पावणेआठच्या आधी रिक्षा माणसांची वाट बघतात, आठच्या सुमारास माणसं रिक्षाची. एका ठराविक गाडीसाठी निघालेली सगळी सोसायटी एकदमच रांगेत येते. तेव्हा दहा मिनिटं आधी निघाल्यावर रांगेतलीही चार-पाच वाचतात. त्या दहाची पंधरा होतात.

फलाटावर ८.०४ ला पोचायचं आणि सगळ्यात वाईट दिवस धरायचा, तर दार ७.३५ ला ओढावं लागेल. पण इतकं ताणायची गरज नाही. दार ७.३८ ला ओढलं तर बहुतेक दिवशी ८.०६ मिळते. अगदी पूर्ण २९ मिनिटं लागली तर ८.०७ ला फलाट, ८.०६ गेली, आणि दहा मिनिटांनी ८.१७. ती वेळेवर धावली तर तरीही लेटमार्क नाही. वाईटात वाईट दिवसाची तरतूद राखीव गाडी करते, घरातल्या मिनिटांनी ती वेगळी करायची नसते. दोन्हीकडे तरतूद करणारे लोक पाऊण तास आधी स्टेशनवर पोचतात आणि आठवडाभरात कंटाळून जुन्या सवयीवर येतात.

मोजणीत दार ओढायची सरासरी वेळ ७.५५ आली होती. ७.३८ म्हणजे १७ मिनिटं आधी. ती कुठून आणली?

बारा मिनिटं मुलीच्या रिक्षातून. रिक्षाकाका ७.१० ला फाटकाशी येतात. मुलीला घेऊन खाली जाणं, थांबणं, दप्तर चढवणं, लिफ्टची वाट बघून वर येणं, ७.०० ते ७.१२. नवऱ्याचं ऑफिस ठाण्याला, तो साडेआठला निघतो, तोपर्यंत पेपर वाचत असतो. हे काम त्याच्याकडे गेलं. या प्रकरणातला सर्वांत मोठा बदल हाच, आणि तो युक्ती नसल्यामुळे तो कुणाला सुचत नव्हता. इंटरनेटवर सकाळ वाचवण्याचे शंभर उपाय सापडतात. त्यांत 'घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला एक काम द्या' हा क्वचित असतो. अर्धवट दिलं तर मात्र उपयोग नाही. "आज तुम्ही सोडता का?" असं रोज विचारावं लागलं तर काम अजून त्यांच्याच डोक्यात आहे. नवऱ्याने स्वतःचा ६.५० चा अलार्म लावला, दप्तर-बाटली-डबा बघणंही त्याच्याकडे गेलं, तेव्हा बारा मिनिटं खरोखर मोकळी झाली.

आठ मिनिटं नाश्त्यातून. पोहे, उपमा जे असेल ते डब्यात घालून न्यायचं आणि कार्यालयात खायचं. याचा दुसरा उपयोग पुढे येईल.

सात मिनिटं त्या शेपटीतून, नवांची दोन झाली.

एकूण सत्तावीस. हवी होती सतरा. उरलेली दहा झोपेला दिली, अलार्म ५.३० चा ५.४० झाला. पाच वाजताचा तर केव्हाच रद्द.

शेपटी कशी कापली

दाराशेजारी भिंतीवर एक फळी आणि तिच्याखाली तीन खिळे. पहिल्या खिळ्याला किल्ली, दुसऱ्याला आयकार्ड आणि रेल्वेचा पास एकाच गळपट्टीत, तिसऱ्याला छत्री (जून ते सप्टेंबर, एरवी रिकामा). फळीवर पर्स, भरलेली बाटली आणि चार्जिंगला लावलेला फोन. नियम एवढाच की संध्याकाळी घरात शिरताना या वस्तू आधी इथे लागतात, मगच चपला काढायच्या. सकाळी वस्तू गोळा करणं आणि संध्याकाळी ठेवणं हे एकच काम आहे. संध्याकाळी त्याला वीस सेकंद लागतात, सकाळी सहा मिनिटं.

फोन दाराशी गेला की अलार्म बंद करायला उठून यावं लागतं, स्नूझही सुटतं, असं वाटलं होतं. पहिल्याच सकाळी पावणेसहाला सासूबाई आणि मुलगी दोघी जाग्या झाल्या. दोन खोल्यांच्या घरात हे चालत नाही. शंभर-दोनशे रुपयांचं सेलवरचं गजराचं घड्याळ उशाशी आणि फोन फळीवर, हा तोडगा टिकला.

डब्याचं झाकण हा वेगळाच विषय. गरम भाजी बंद केली की वाफ धरते, पोळ्या ओल्या होतात, उन्हाळ्यात दुपारपर्यंत वास येतो. म्हणून झाकण शेवटपर्यंत उघडं, आणि शेवटी ते लावायचं राहतं. इथे क्रम बदलला: आधी भाजी, मग पोळ्या. भाजी शिजली की ती कढईत न ठेवता ताटात पसरायची, पंख्याखाली दहा-बारा मिनिटांत कोमट होते. तोवर पोळ्या. एका तव्यावर एका पोळीला सव्वा ते दीड मिनिट, चौदा पोळ्यांना वीस मिनिटं. पोळ्या संपताना भाजी डब्यात भरायच्या लायकीची झालेली असते आणि झाकण तिथेच, ओट्यापाशी लागतं. कणीक रात्री मळून ठेवायची, वरून तेलाचा हात आणि घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर ती काळपट पडते आणि वरचा थर वाळतो. सकाळी फ्रीजमधून काढल्यावर वीस मिनिटं बाहेर ठेवल्याशिवाय लाटू नये, कडा चिरतात. म्हणजे उठल्याबरोबर पहिलं काम कणीक बाहेर काढणं, चहा नंतर.

सासूबाईंच्या गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली, ती रविवारी भरली जाते. ओला कचरा रात्रीच दाराबाहेरच्या बादलीत. गॅसचा नॉब तपासायला परत येणं मात्र थांबेना. मग चपला घालायच्या आधी नॉबला हात लावून मोठ्याने "गॅस बंद" म्हणायचं ठरलं. ऐकायला विचित्र, पण हाताने केलेली आणि तोंडाने म्हटलेली गोष्ट रिक्षात बसल्यावर आठवते, नुसती बघितलेली आठवत नाही. देवाला नमस्कार आंघोळीनंतर लगेच होतो, तो शेपटीतून पुढे सरकला. रद्द करायचा प्रश्नच नव्हता, तसं सुचवणारा सल्लागार या घरात दुसऱ्या दिवशी टिकला नसता.

अलार्म उठण्यासाठी एक आणि निघण्यासाठी दोन. ७.२५ ला वाजतो त्याचं नाव 'झाकणं', ७.३५ ला वाजतो त्याचं 'चपला'. दोघांच्या धून वेगळ्या, कारण एकच धून असली की कान ती ओळखायचं सोडून देतात. नावात वेळ लिहायची नाही, कृती लिहायची. 'निघायची वेळ झाली' या वाक्यावर माणूस "हो" म्हणून कामच करत राहतो. 'चपला' वाजल्यावर हातात जे असेल ते ठेवून चपला घालायच्या, उरलेलं काम नवरा बघतो किंवा संध्याकाळपर्यंत राहतं.

पूर्वी घरोघरी रेडिओ लागलेला असायचा. बातम्या सुरू झाल्या की आंघोळीला, गाणी लागली की डबा भरायला, घड्याळाकडे न बघता सकाळ पुढे सरकायची. तेच काम ठरलेल्या क्रमाची पाच-सहा गाणी करतात. तिसरं गाणं लागलं आणि केस अजून ओले असतील तर मागे पडलो, हे कानालाच कळतं. अट एकच, क्रम रोज तोच. गाणी बदलत राहिली तर ती नुसती करमणूक.

स्टेशन आणि फोर्ट

सीएसएमटीला गाडी संपते, रूळही संपतात, आणि बाहेर पडायची वाट पुढच्या टोकाला. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब. मागच्या डब्यातून उतरणाऱ्याला ते अंतर गर्दीच्या वेगाने कापावं लागतं, त्यात चार-पाच मिनिटं सहज जातात. त्या आजवर मधल्या लेडीज डब्यात चढत, कारण डोंबिवलीला जिना उतरल्यावर तो समोर येतो. पुढच्या लेडीजने गेलं तर सीएसएमटीला दोन-तीन मिनिटं वाचतात. पण डोंबिवलीच्या फलाटावर तेवढंच पुढे चालत जावं लागतं. गाडी यायला चार मिनिटं असतील तर हे चालणं फुकट आहे, कारण एरवी तिथे नुसतं उभंच राहायचं. गाडी लागलेली असताना मात्र समोरच्याच डब्यात शिरावं, फलाटावर पळू नये. इंडिकेटरवर १५ डब्यांची गाडी दाखवत असेल तर डब्यांच्या जागा सरकतात. बारा डब्यांच्या खुणेपाशी उभं राहिलेला माणूस ऐनवेळी धावतो. वर बघून जागा धरायला दोन सेकंद लागतात.

एम-इंडिकेटरसारख्या ॲपवर गाडी कुठे आहे ते बघायची योग्य वेळ ७.१५. तेव्हा मोठा गोंधळ असेल तर तो कळतो आणि काही करता येतं. ७.३० नंतर बघितलं तर एकच घडतं: "गाडी सहा मिनिटं लेट आहे" असं दिसतं, माणूस सहा मिनिटं रेंगाळतो, आणि गाडी तीन मिनिटं भरून काढते. लेट गाडीच्या भरवशावर उशिरा निघणं हा लेटमार्कांचा मोठा पुरवठादार आहे.

तिसऱ्या आठवड्यात काय होतं

नवी आखणी पहिल्या दोन आठवड्यांत मोडत नाही, तेव्हा उत्साह असतो. तिसऱ्या आठवड्यात मनात येतं, 'रोज साडेनऊलाच पोचतेय, उगाच लवकर.' मग दार ७.४२ ला, ७.४५ ला, आणि ८.१७ पुन्हा 'आपली' होते. त्या १६ मिनिटांना काही काम दिलं नसेल तर ती वाया गेल्यासारखी वाटतात आणि माणूस ती घरात परत खेचून आणतो. डब्यातला नाश्ता इथे उपयोगी पडतो. ९.३० ला टेबलावर पोहे आणि कॅन्टीनचा चहा असेल तर लवकर पोचण्याला चव असते. उशीर झाला की उपाशी बसावं लागतं, ही शिक्षा लेटमार्कपेक्षा लगेच जाणवते.

सोमवार वेगळा धरावा. रविवारी रात्री कणीक मळणं आणि भाजी चिरणं होत नाही, हे मान्य करूनच बेत ठरवावा. सोमवारची भाजी चिरायची नसलेली: मटकीची उसळ. शनिवारी रात्री मटकी भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, सोमवारी पहाटेपर्यंत मोड आलेले असतात. कांदा चिरायला दोन मिनिटं, कुकरला किंवा झाकणावर पाणी ठेवून पंधरा. पोळ्यांची कणीक सकाळीच मळावी लागली तर चौदा पोळ्यांना आठ-दहा मिनिटं वाढतात. तेव्हा सोमवारी भात घ्यायचा, पोळ्या अर्ध्या करायच्या.

आता जुन्या आठ लेटमार्कांना ही आखणी लावून बघू. ८.१७ चुकली ते पाच दिवस: दार १७ मिनिटं आधी ओढलं असतं तर पाचही दिवशी ती गाडी मिळालीच असती, आणि बहुतेक दिवशी त्याआधीची. ८.१७ आठ मिनिटं रखडली तो दिवस: ८.०६ ला तेवढाच उशीर झाला असता तरी १६ पैकी ८ मिनिटं शिल्लक. हे सहा वाचले. सिग्नल बिघडला त्या दिवशी २५ मिनिटांपुढे १६ पुरत नाहीत. तापाच्या दिवशी कुठलीच आखणी लागू नाही. उरले दोन, आणि दोन लेटमार्कांना रजा कापली जात नाही.

तसल्या दिवसांसाठी एक मजकूर फोनमध्ये तयार ठेवलेला बरा. खोळंबलेल्या गाडीत, एका हाताने कडी धरून, तो नव्याने लिहिता येत नाही: "साहेब, गाडी ____ला थांबली आहे. अंदाजे ____ वाजता पोचते. आजची टिपणी टेबलावर निळ्या फाइलमध्ये आहे." हा ९.४५ च्या आधी जायला हवा. ९.५० ला पाठवलेला तोच मजकूर सबब म्हणून वाचला जातो.

पावसाळ्यात आदल्या रात्री भरतीची वेळ बघून ठेवावी. साडेचार मीटरपेक्षा उंच लाटांचे दिवस मुंबई महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. सकाळची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की शीव-कुर्ला पट्ट्यात रुळांवर पाणी येतं, आणि मग ८.०६ काय नि ८.१७ काय. अशा दिवशी लवकर निघण्यापेक्षा साताच्या बातम्या ऐकून, गाड्या चालू आहेत की नाहीत हे बघून निघावं. दिव्यापर्यंत जाऊन अडकलेल्या माणसाचा दिवसही जातो आणि रजाही.

वेळापत्रक बदललं की ८.०६, ८.१७ आणि ८.३१ हे तीन आकडे खोडून नवे लिहायचे आणि 'झाकणं' व 'चपला' तेवढ्याच मिनिटांनी पुढेमागे करायचे. टिंबं पुन्हा मोजायची गरज घर बदललं किंवा मुलीची शाळा दुपारची झाली तरच.